आलोच

१

‘मंडळी, आपली भाषा फार सभ्य आहे.’ शोची सुरुवात मी याच वाक्याने करायचो. ‘घरातून निघताना आपण म्हणतो, येतो. आणि अजून टॉवेल गुंडाळून उभे असलो, तरी फोनवर सांगतो, आलोच. गोऱ्याने असं केलं तर तो खोटारडा. आपण केलं तर ती रीत.’ यावर हशा ठरलेला. पुढच्या रांगेतली एखादी बायको नवऱ्याला कोपर मारायची, आणि माझी गाडी रुळावर यायची.

हे वाक्य मी ऑस्ट्रेलियात तीन थिएटरांत म्हटलं आहे. पहिलं सिडनीत, वेंटवर्थव्हिलला, एका वाणसामानाच्या दुकानामागचा हॉल. तिथे विंगेत तांदळाची पोती असायची आणि नाचणाऱ्या मुलींच्या ओढण्यांना हिंगाचा वास यायचा. दुसरं मेलबर्नमध्ये, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानाच्या माडीवर. आणि हे तिसरं, डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत. आलो होतो अकाउंटिंग शिकायला. करतो काय, तर रिव्ह्यू. म्हणजे एका शोमध्ये स्किट, नक्कल, गाणं, नाच, पुन्हा स्किट, कशाचा कशाशी संबंध नाही. आईला फोनवर समजावताना म्हणालो होतो, ‘मिसळ समज.’ तिने विचारलं, ‘मग तू त्यातला कोण?’ म्हटलं, ‘तर्री.’ सूत्रसंचालक तोच असतो. वरवर तरंगणारा.

हे थिएटर म्हणजे एके काळचा डान्स हॉल. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला तिकीटखिडकी आणि माझं ऑफिस, मध्ये लांबलचक बोळ. ऑफिसच्या भिंतीवर, माझ्या खुर्चीच्या बरोबर वर, एक करडा स्पीकर आहे. स्टेजवर टांगलेल्या माइकमधून तिथला आवाज इथे येतो, म्हणजे मला बसल्या जागी कळतं की कुठला आयटेम चाललाय. आम्ही त्याला डबा म्हणतो. डब्यात आवाज तिकडून इकडे येतो. इकडून तिकडे काहीच जात नाही, कारण ऑफिसात माइकच नाही.

तरी मी डब्याशी बोलायचो. मिताली, म्हणजे माझी लाइट-साउंड सांभाळणारी आणि खरं तर सगळंच सांभाळणारी मुलगी, स्टेजवरून ओरडायची, ‘गुरूकाका, नीड यू हिअर!’ मी मान वर करून डब्याला सांगायचो, ‘आलोच!’ आणि आणखी एक मेल लिहायला घ्यायचो. तिला ऐकू जात नाही हे मला माहीत होतं. पण म्हटलं की आपण निम्मे पोचलो असं वाटतं.

२

शो रविवारी. मधल्या वारी दुपारी मी एकटाच येऊन ऑफिस उघडतो. अशाच एका दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, डब्यातून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

लाकडी फळ्यांवर खुर्ची ओढली की जो कर्र आवाज होतो, तोच. मग थोडी शांतता. मग धप्प. आणि मग एक बाई, दमलेल्या आवाजात, ‘कोणी आहे का?’

मी गेलो. हे मला आवर्जून सांगायचं आहे, की त्या दिवशी मी गेलो. बोळातून जवळजवळ पळतच गेलो, दार ढकललं. स्टेजवर नेहमीचा दिवा जळत होता. इथल्या थिएटरवाल्यांची रीत आहे, स्टेज रिकामं असलं तरी एक दिवा चालू ठेवायचा. आपण नटराजापुढे निरांजन लावतो, तसंच काहीसं समजून मीही पाळतो. त्या दिव्याच्या उजेडात स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, मितालीने रविवारी ठेवल्या तशाच. कोणी नव्हतं. मागचं दार कुलूपबंद.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कर्र, धप्प, ‘कोणी आहे का?’ तेव्हाही गेलो. मग मितालीला बोलावून वायर तपासून घेतली.

‘इंटरफिअरन्स असेल, काका. टॅक्सीचा रेडिओ वगैरे.’

‘टॅक्सीवाली मराठीत बोलते?’

‘डँडेनॉन्गमध्ये? व्हाय नॉट?’

तिचं म्हणणं मला पटलं. पटवून घेतलं. शेजारी रेस्टॉरंट आहे, मागे गोडाऊन आहे, कुणाच्या फोनचा कुठला आवाज कुठे शिरेल सांगता येत नाही. मी अकाउंटिंग सोडलं असलं, तरी माझं डोकं अजून जमाखर्चाचंच आहे. न जुळणारी गोष्ट मी ‘किरकोळ’मध्ये टाकतो.

३

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी चहाचा कप नुकताच तोंडाला लावला होता. कर्र. धप्प. ‘कोणी आहे का?’ आणि या वेळी पुढे आणखी काहीतरी होतं, पुटपुटल्यासारखं, नीट न कळणारं.

मला कंटाळा आला. भीती नाही, कंटाळा. पुन्हा तो बोळ, पुन्हा ते रिकामं स्टेज. मी मान वर केली आणि सवयीने म्हणालो, ‘आलोच!’

आवाज बंद झाला.

नुसता थांबला नाही. समाधान झाल्यासारखा थांबला. रडणाऱ्या पोराला आई आतून म्हणते ना, ‘आले हं बाळा’, आणि ते हुंदका अर्धाच गिळून वाट बघायला लागतं, तसा. डब्यात नुसती हलकी खरखर राहिली. मी कप खाली ठेवला आणि हसलो. वेळ मारून न्यायच्या कलेवर मी सगळं करिअर काढलं आहे. ती कला डब्यालाही लागू पडते म्हणजे मजाच झाली.

त्यानंतर मी एकदाही गेलो नाही. आवाज यायचा, मी ‘आलोच’ म्हणायचो, आवाज थांबायचा. आधी अंगावर काटा यायचा, मग तोही येईनासा झाला. फक्त एकदा, ‘आलोच’ म्हटल्यावर, डब्यातून पावलं वाजली. कोणीतरी विंगेतून चालत पुढे आलं आणि थांबलं. बाईची पावलं नव्हती ती. बुटांची होती. मी डब्याचा आवाज कमी केला आणि मेल पूर्ण केली.

४

आता चित्राताईंबद्दल सांगायला हवं. चित्रलेखा त्यांचं नाव. वेंटवर्थव्हिलच्या पहिल्या शोमध्ये त्यांनी एक आयटेम केला होता, परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलणारी आई. स्टेजवर एक खुर्ची, हातात जुना काळा फोन, बस्स. लोक हसता हसता डोळे पुसायचे. माझा रिव्ह्यू चालला तो त्या आयटेममुळे, हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही, पण खरं आहे. पुढे त्यांचा मुलगा अजित नोकरीसाठी मेलबर्नला आला, पॉइंट कुकला घर घेतलं, आणि त्याच सुमारास मीही इकडे आलो. अजित त्यांना स्टेशनवर सोडायचा आणि त्या शहरात गाडी बदलून डँडेनॉन्गपर्यंत एकट्या यायच्या. पिशवीत माझ्यासाठी थालीपीठ.

गेल्या वर्षापासून त्या अडकायला लागल्या. फोनवर बोलता बोलता मध्येच वाक्य हरवायचं. मग त्या आधीचंच वाक्य पुन्हा म्हणायच्या, पुन्हा म्हणायच्या. प्रेक्षकांना आधी तो विनोद वाटायचा. मग वाटेनासा झाला.

मी त्यांचा आयटेम शोमधून काढायचं ठरवलं.

‘यू टेल हर,’ मिताली म्हणाली. ‘मी नाही सांगणार, काका. शी मेड मी थालीपीठ टू.’

‘सांगतो गं. या आठवड्यात सांगतो.’

आठवडे गेले. चित्राताईंनी विचारलं, ‘गुरू, माझ्या आयटेममध्ये काही बदल करायचाय का रे? तू आजकाल बघत नाहीस माझ्याकडे.’ मी म्हणालो, ‘छे हो ताई! निवांत बोलू.’ त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, आणि कळलं नाही असं त्यांनी दाखवलं, माझ्यासाठी.

५

त्या गुरुवारी मितालीचा मेसेज होता: चित्रा आँटी दुपारी प्रॅक्टिसला येतायत, मागच्या दाराची किल्ली दिलीये, आज तरी बोला. मी अंगठा पाठवला.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला ठाऊक होतं की त्या आत आहेत.

डब्यातून त्यांचा आवाज येत होता. ‘जेवलास का रे? काय जेवलास?’ पहिली वाक्यं झाली. मग त्या अडकल्या. ‘काय जेवलास? काय जेवलास?’ मला ऐकवेना. उठून बोळ ओलांडावा, त्यांच्या शेजारी बसावं, सांगून टाकावं, असं मनात आलं. त्याऐवजी मी त्यांच्या जागी घ्यायच्या मुलीला, मयूराला, मेल लिहायला बसलो. तुमचा आयटेम फ्रेश आहे, असं काहीतरी.

कर्र.

धप्प.

‘कोणी आहे का?’

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. तोच क्रम, तोच दमलेला आवाज. आणि या वेळी ते पुढचं पुटपुटणंही स्पष्ट ऐकू आलं: ‘गुरू, येतोस का जरा?’

नंतर मी स्वतःला खूपदा सांगून पाहिलं की मला तो नेहमीचा आवाज वाटला. तसं नव्हतं. मी अगदी शांतपणे विचार केला होता. हा डब्यातला आवाज असेल तर जायची गरज नाही. चित्राताई असतील तर त्यांना ते बोलणं बोलायचं असेल, आणि मला ते आज बोलायचं नाही. दोन्हींपैकी कोणीही असो, उत्तर एकच होतं.

‘आलोच!’ मी म्हणालो.

आवाज थांबला. मी मेल पूर्ण केली, दोनदा वाचली, एक स्माइली घातली आणि पाठवली.

६

चहा पार गार झाला होता तेव्हा मी उठलो. डब्यात इतका वेळ काहीच वाजलं नव्हतं, आणि ते न वाजणं हळूहळू असह्य व्हायला लागलं होतं.

त्या स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेपुढे पडल्या होत्या. खुर्ची वर स्टेजच्या कडेला आडवी. खुर्ची मागे ओढताना कड लक्षात आली नसणार. एक पाय विचित्र वळलेला, कपाळावरून रक्त आलेलं आणि वाळत चाललेलं. डोळे मिटलेले, श्वास चालू होता.

‘ताई! चित्राताई!’

ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत त्यांचा हात धरून बसलो, काय काय बोललो देव जाणे. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्याखाली काहीतरी आहे. नीट घडी केलेलं, उशीसारखं.

माझा निळा कोट होता तो. सूत्रसंचालनाचा, चमकत्या कॉलरचा.

तो कोट ऑफिसच्या दाराआड खुंटीवर असतो. मी मनाशी म्हणालो, रविवारी स्टेजवर विसरलो असेन. ताईंनी पडल्यावर ओढून घेतला असेल. मोडलेल्या पायाने, कपाळ फुटलेलं असताना, चार घड्या घालून? ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘गुड ऑन यू, मेट. पिलोची आयडिया चांगली होती.’ असं ती अर्थातच इंग्रजीत म्हणाली. आणि मी मान हलवली.

परत ऑफिसात आलो तेव्हा खुंटी रिकामी होती. आल्या आल्या मी त्याच खुंटीवर छत्री अडकवली होती, कोटावरूनच अडकवली होती, असं मला पक्कं आठवत होतं. छत्री खाली पडलेली होती.

७

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर होत्या. अजित बाहेर फोनवर होता. मी आत जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले. ‘दादा, तुम्ही होतात म्हणून. आई सांगत होती, तुम्ही एक मिनिटही हलला नाहीत.’

‘अरे, त्यात काय,’ मी म्हणालो. त्या क्षणी खरं सांगणं किती सोपं होतं. एक वाक्य.

चित्राताई उशीत बुडून गेल्या होत्या. मला बघून हसल्या.

‘तू आलोच म्हणालास ना, तेव्हा जिवात जीव आला बघ.’

‘तुम्हाला ऐकू आलं?’

‘न यायला काय झालं? कानाशीच तर म्हणालास.’ त्यांनी डोळे मिटले. ‘मग डोकं उचललंस, कोट ठेवलास. केसांवरून हात फिरवत बसलास. किती वेळ रे! मी म्हणत होते, गुरू, फोन कर कुणाला तरी. तू नुसता बसलेला. बोलेनास, हलेनास. का रे?’

नळीतून काहीतरी थेंब थेंब पडत होतं. मी तिकडे बघत राहिलो. डोक्याला मार लागला की माणसं पुढचं मागचं एक करतात. मी नंतर बसलो होतो, तेच त्यांना आधीचं वाटत असेल. हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते अगदी पटण्यासारखं होतं. फक्त मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला नव्हता. माझी हिंमतच झाली नव्हती.

आता माझ्यापुढे दोन कबुल्या होत्या. एक, की तो मी नव्हतो. मी ऑफिसात होतो, तुमची हाक ऐकली आणि आलो नाही. दुसरी, की तो मीच होतो. शेजारी बसून नुसता बघत राहिलो. दुसरी न केलेली चूक होती, आणि तरी तीच मला सोपी वाटली.

‘घाबरलो होतो, ताई.’

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. ‘असू दे. माणूस घाबरतो. आलास ना, तेच खूप.’

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंड फिरवून मी रडलो, आणि त्यांना वाटलं की त्यांच्यासाठी रडतोय.

‘आयटेमचं बोलायचं राहिलं आपलं,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या ये. उद्या सांग जे असेल ते, मी काही रागवत नाही.’

‘उद्या आलोच, ताई.’

८

मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी रिहर्सल होती, ती पुढे ढकलता आली असती. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत गेलो, गाडीत बसून राहिलो आणि परत फिरलो. ‘तो कोण होता?’ हा प्रश्न मला छळत होता, पण त्याहून भीती वाटत होती ती त्यांच्या हसण्याची. मला माफ केलेलं त्यांचं ते हसणं पुन्हा बघवलं नसतं.

त्याच संध्याकाळी चित्राताई गेल्या. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली म्हणे.

अजितने फोन केला तेव्हा त्याचा आवाज फुटत होता. ‘दादा, मी फ्रीवेवर अडकलो होतो. पोचलोच नाही. पण नर्स म्हणाली, तुम्ही होतात. शेवटपर्यंत हात धरून बसला होतात. तो निळा कोट घालून. आईला फार आवडायचा तो.’ त्याने नाक ओढलं. ‘ती एकटी नव्हती ना, दादा?’



‘नाही,’ मी म्हणालो. ‘एकटी नव्हती.’

शोकसभा आमच्याच थिएटरमध्ये झाली. स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर काळा फोन आणि हार. अजित बोलला, आणि बोलताना माझ्याकडे हात केला. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. अनोळखी बायकांनी येऊन मला नमस्कार केला. एक जण म्हणाली, ‘अशी माणसं आता राहिली नाहीत हो.’ मी हात जोडून उभा होतो. सूत्रसंचालकाला उभं राहता येतं, कशाही परिस्थितीत.

लोक पांगल्यावर मिताली माझ्याजवळ आली.

‘काका, द कोट. तो माझ्याकडे होता. माझ्या गाडीत, प्लॅस्टिकच्या बॅगेत. डाग अजून तसेच आहेत, मी ड्रायक्लीनला दिलाच नाही.’

‘नर्सची काहीतरी चूक झाली असेल.’

‘पण तुम्ही अजितला येस म्हणालात.’

‘त्याला बरं वाटावं म्हणून गं.’

‘अँड दॅट थर्सडे? तेव्हा तरी तुम्ही होतात ना तिच्यासोबत?’

मी म्हणालो, ‘निवांत बोलू.’

९

मी ठरवलं, अजितला सगळं सांगायचं. कोट, डबा, पावलं, त्यातलं काही नाही. त्याचा अर्थ मलाच लागत नाही, त्याला काय सांगू? एवढंच सांगायचं की तुझ्या आईने हाक मारली, मी ऐकली आणि मी गेलो नाही. मग त्याला जे करायचं ते तो करील.

आज दुपारी तो चित्राताईंचा काळा फोन न्यायला येणार होता. मी लवकर येऊन बसलो. वाक्य पाठ केलं, एखादा नवखा नट करतो तसं. अजितचा मेसेज आला: ‘दादा, आलोच.’ म्हणजे तो अजून पॉइंट कुकलाच असणार, मला हसू आलं. त्या गुरुवारनंतर डबा एकदाही वाजला नव्हता. ती हाक बहुधा एकदा खरी होण्याची वाट बघत होती, खरी झाली आणि संपली, असं मी धरून चाललो होतो.

खुर्ची सरकली.

कर्र नाही. हलकेच, कोणीतरी बसल्यासारखी. मग डब्यातून एका बाईचा आवाज आला, दमलेला नाही, अगदी घरगुती. ‘जेवलास का रे?’

कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. पुरुषाचा आवाज, हळू. ती हसली. मला शब्द कळले नाहीत, पण ती लकब कळली. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारी ती पट्टी मी गेली कित्येक वर्षं दर रविवारी स्टेजवर ऐकली आहे, माझ्याच तोंडून.

माझे ओठ सवयीने उघडले. तो शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि उठलो. जायचंच, असं ठरवून उठलो. मला सांगायचं होतं, आणि आता वाटलं की आधी ताईंनाच सांगायला हवं.

बोळ नेहमीइतकाच होता. बाहेर गल्लीत व्हॅन उभी राहून माल उतरवत होती, कोणी पंजाबीत हुज्जत घालत होतं, छताच्या काचेतून ऊन येत होतं. भुताखेताची वेळच नव्हती ती. दाराशी पोचलो तेव्हा आवाज डब्याशिवाय, थेट, फटीतून येत होता. मी दार जरासंच ढकललं.

स्टेजवरचा दिवा चालू होता. स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेशी, अंधारच होता. त्या अंधारात रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर कोणीतरी वाकून बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. दिव्याची तिरीप फक्त एका बाहीवर पडत होती. निळ्या बाहीवर, आणि तिच्यातून निघालेल्या हातावर. तो हात खाली, मला न दिसणाऱ्या कशावरून तरी, सावकाश फिरत होता. पुन्हा पुन्हा, अजिबात घाई नसल्यासारखा.

मला पळावंसं वाटलं नाही. हे कुणाला खरं वाटणार नाही. मला त्या हाताचा मत्सर वाटला.

‘चित्राताई,’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो ‘च’ न लावता म्हणालो, ‘ताई, मी आलो.’

हात थांबला.

‘कोण आलं रे?’ तिने विचारलं.

त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. माझ्याच आवाजात, मला कधीच जमली नाही इतक्या मायेने, तो म्हणाला, ‘कोणी नाही, ताई. कोणीच आलं नाही.’